पाणी बेताचं, खेळणी ढीगभर

प्रश्न : मुलं तीन आणि सहा वर्षांची. खेळण्यांची खोली रोज आवरते, तासाभरात जैसे थे! नळाला पाणी रोज येत नाही, मग एवढी खेळणी धुवायची कशी? – एक वाचक, लातूर

उत्तर : ताई, 2016मध्ये तुमच्या शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. तिथे सगळं धुवत बसूच नका. आधी खेळणी कमी करा. निम्मी पेटीत भरून माळ्यावर टाका, पंधरवड्याने अदलाबदल करा. उरलेली बुटक्या फळीवर, मुलांच्या हाताला येतील अशी मांडा. मॉन्टेसरी पद्धतीच्या बालवाडीत साहित्य असंच मांडतात, त्यामुळे मूल स्वतः काढतं, स्वतः ठेवतं. सहा वर्षांच्या मुलाला तर हे नक्की जमेल.

धुवायची ती फक्त धाकट्याच्या तोंडात जाणारी. एका परातीत साबणाचं पाणी, दुसरीत साधं. तेच पाणी मग फरशीला वापरा. ठोकळे, गाड्या ओल्या फडक्याने पुसल्या तरी पुरे. कापडी बाहुल्या झटकून गच्चीवर कडक उन्हात टाका.

एक मात्र आजच तपासा : वाजणाऱ्या, चमकणाऱ्या खेळण्यांतल्या चपट्या गोल बॅटरीचं झाकण स्क्रूने पक्कं आहे ना? ती गिळली गेली तर 2 तासांतही अन्ननलिका भाजू शकते. नुसती शंका आली तरी तडक मोठा दवाखाना गाठा.