टपाला भोक पाडण्याआधी

रेवदंडा, जि. रायगड

चि. बाळास,

जुन्या ट्रॅव्हलर गाडीत पलंग आणि ओटा बसवून झाला, आता टपावर पंख्याचा झरोका बसवायचा आहे, असं ताई म्हणाली. झरोका हवाच. आपल्या दमट हवेत बंद गाडीत माणसांच्या श्वासाची आणि स्वयंपाकाची वाफ कोंडते आणि गाद्यांना बुरशी धरते. पण एक समजून घे. हा पंखा एसीसारखा गारवा देत नाही, तो आत कोंडलेली गरम हवा वरून बाहेर टाकतो. तिच्या जागी बाहेरची हवा यायला खिडकी उघडी लागते, आणि तीही पंख्यापासून दूरच्या टोकाची. शेजारचीच उघडलीस तर हवा तिथल्या तिथे फिरेल आणि पलंगावरचा माणूस घामाघूम होईल. म्हणून पंखा ओट्याकडे ठेव आणि खिडकी पलंगाकडची उघड.

कापण्याआधी पेणच्या आरटीओत जाऊन लेखी विचार. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार, नोंदणी पुस्तकातला तपशील निर्मात्याच्या मूळ तपशिलाहून वेगळा ठरेल असा बदल गाडीत करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच बजावलं आहे. कॅम्पर म्हणून नोंदणी करायची असेल तर मोटार कॅरव्हॅनसाठी एआयएस-१२४ हे वेगळं मानक आहे, त्याचीही चौकशी कर. विमा कंपनीलाही कळव.

आता कापणं. बाजारातले बहुतेक पंखे १४ इंची चौरस भोकाचे असतात. आतून अस्तर काढून टपाच्या आडव्या पट्ट्या कुठे आहेत ते आधी बघ, त्यांना धक्का लावू नकोस. कापायला जिगसॉ आणि पत्र्याची बारीक दातांची पाती घे. ग्राइंडर नको, त्याच्या ठिणग्या रंग जाळतात. टपावर पडलेला लोखंडाचा कीस त्याच दिवशी पुसून काढ. खाऱ्या वाऱ्यात तो राहिला तर जिथे जिथे पडला तिथे तिथे गंजाचे ठिपके उमटतात.

माझं सगळं सांगणं खरं तर त्या कापलेल्या कडेबद्दल आहे. कंपनीने गाडीला दिलेलं गंजरोधक संरक्षण त्या चार कडांवर संपतं, तिथे उघडं लोखंड राहतं आणि समोर समुद्र असतो. कानशीने कडा घासून गुळगुळीत कर, गंजरोधक प्रायमरचे दोन हात दे, वर रंग दे, आणि पूर्ण वाळू दे. इथे घाई करायची नाही. मग फ्रेमखाली ब्यूटाइल टेप, आणि स्क्रू ३१६ ग्रेडच्या स्टेनलेसचे. ते कोपऱ्यासमोर कोपरा असे हळूहळू आवळ. एकदम दाबलेस तर टेप सगळी बाहेर येते आणि मध्ये काहीच उरत नाही. टपावर उंचवटे असतील तर त्यांच्यामधली खोलगट जागा आधी भरून सपाट कर. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन कोणी सुचवलं तरी लावू नकोस, त्यातलं आम्ल लोखंड खातं, आणि एकदा सिलिकॉन लागलं की पुढच्या दुरुस्तीत त्यावर दुसरं काही धड चिकटत नाही. झाकणाची बिजागरी गाडीच्या पुढच्या बाजूला येऊ दे, म्हणजे चालत्या गाडीत वारा झाकण उचकटणार नाही.

आतलं अस्तर लावण्याआधी पाण्याची परीक्षा घे. नळी वरून धरून भागणार नाही. आपल्याकडे पाऊस झडीने आडवा येतो. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ श्रीवर्धन-दिवेआगरकडून आत आलं, तेव्हा वारा ताशी शंभर किलोमीटरच्या वर होता. त्यामुळे चारही बाजूंनी, खालून वर, आडवी धार मार, आणि एकाला टॉर्च घेऊन आत बसव.

वायरिंग सोपं आहे. १२ व्होल्टची लाइन, आणि पंख्याच्या पत्रकात सांगितलेला फ्यूज बॅटरीजवळ. पण गॅसच्या बाबतीत झरोक्यावर विसंबू नकोस. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड असतो, तो गळला तर वर न जाता तळाशी साचतो. सिलिंडरच्या कप्प्याला खाली, थेट गाडीबाहेर उघडणारं भोक ठेव, आणि शेगडी पेटलेली असताना खिडकी उघडी ठेव.

बसवून झालं की गाडीची उंची नव्याने मोजून काचेजवळ लिहून ठेव. नागाव-चौलच्या वाड्यांतल्या गल्ल्यांत झावळ्या खाली आलेल्या असतात. आगरदांड्याहून दिघीला जंगल जेटीने (गाड्या नेणाऱ्या फेरीबोटीने) गाडी नेणार असलास तर चढवण्याआधी तिथल्या माणसांना उंची सांग. माडाखाली गाडी उभी करू नकोस, एक नारळ त्या प्लॅस्टिकच्या झाकणाला पुरेसा आहे.

हे सगळं मेच्या मध्यापर्यंत उरकणार असेल तरच हात घाल. नाहीतर यंदाचा पाऊस टप अखंड ठेवूनच काढ आणि दिवाळीनंतर काप. तारीख ठरली की कळव, मी येतो.

तुझा,
मामा