ऑफिसातला फोल्डर कुणासाठी उघडा, कुणासाठी बंद?



किल्लारीतली एक बैठक संपल्यावर एका ताईंनी मला बाजूला घेतलं. "माझे दोन हप्ते थकलेत, हे शेजारच्या गटातल्या बाईला कसं कळालं?" त्यांना वाटत होतं, सचिवांनी सांगितलं. पण कुणीच काही बोललेलं नव्हतं. त्या बाई फॉर्म भरायला ऑफिसात आल्या होत्या. रिकाम्या कॉम्प्युटरवर बसल्या, अन् थकबाकीची यादी समोरच उघडली. कोणतं ऑफिस ते विचारू नका. आपलंही असू शकतं.

आपल्या गटाची पेटी आठवा. पेटी एकीकडे, चावी दुसरीकडे. बँकेतून पैसे एकटीच्या सहीनं निघत नाहीत. आणि आधार नंबर, खाते नंबर, कुणाचं किती कर्ज हे सगळं ज्या फोल्डरात आहे, तो मात्र सताड उघडा!

दोन-तीन कॉम्प्युटर एकाच राऊटरला जोडले की एकावरचा फोल्डर बाकीच्यांवर दिसेल असा 'शेअर' करता येतो. सोय चांगलीच आहे. पेन ड्राइव्हवर फाईल नेली की तिच्या दोन प्रती होतात, एकीत वसुली भरलेली अन् दुसरीत नाही. मग महिनाअखेर ताळा लागत नाही. म्हणून शेअर कराच, पण कुणाला किती ते ठरवून.

परवानगी तीन तऱ्हेची असते. 'रीड' म्हणजे वही नुसती बघायची. 'चेंज' म्हणजे लिहायची, खोडायची, आणि हे ध्यानात ठेवा, पानसुद्धा फाडता येतं. 'फुल कंट्रोल' म्हणजे वही कुणाच्या हातात द्यायची तेही ठरवता येतं. माझं मत विचाराल तर लेखापाल ताईंना चेंज, सीआरपी ताईंना फक्त त्यांच्या गावाच्या फोल्डरचं रीड, आणि अध्यक्षांनाही रीडच. यावर एक अध्यक्षताई माझ्यावर रागावल्या होत्या. पण तपासणारीनं लिहू नये, हा नियम आपल्या वहीतही आहेच की. हे सगळं कार्यकारिणीत ठराव करून लिहून घ्या, म्हणजे नंतर वाद नको.

आता करायचं कसं? ज्या कॉम्प्युटरवर फोल्डर आहे, त्यावर आधी प्रत्येकीच्या नावाचं वेगळं खातं अन् पासवर्ड करा. मग फोल्डरवर उजवं बटण दाबून प्रॉपर्टीज, शेअरिंग, ॲडव्हान्स्ड शेअरिंग, परमिशन्स असं जा. तिथं 'एव्हरीवन' लिहिलेलं दिसेल. एव्हरीवन म्हणजे सगळेच. ते काढा अन् नावं घाला. शेजारच्या सिक्युरिटी टॅबमध्येही परवानग्या असतात. नेटवर्कवरून येणारीला दोन्हींपैकी जी कडक, ती लागू होते. म्हणून इथं चेंज देऊनही फाईल सेव्ह होत नसेल तर तिथं बघा. आणि 'पासवर्ड प्रोटेक्टेड शेअरिंग' चालू ठेवा, ते बंद असलं तर पासवर्ड न विचारताच दार उघडू शकतं.

एक गोष्ट मला फार उशिरा कळली. दुसऱ्या कॉम्प्युटरवरून शेअर फोल्डरातली फाईल डिलीट केली, तर ती रिसायकल बिनमध्ये जात नाही. गेली ती गेली. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे इथं घरांबरोबर कागदपत्रंही ढिगाऱ्याखाली गेली. कागद गेल्यावर काय होतं, ते थोरल्या बायांना सांगायला नको. आठवड्याला एक प्रत वेगळ्या हार्ड डिस्कवर काढा, आणि ती डिस्क दुसऱ्या इमारतीत ठेवा.

सगळं झालं की 'चाचणी' नावाची रिकामी फाईल फोल्डरात ठेवा. दुसऱ्या कॉम्प्युटरवर सीआरपी ताईंच्या खात्यानं ती डिलीट करून बघा. झाली, तर परवानग्या पुन्हा तपासा. आणि एखादी ताई काम सोडून गेली, तर तिचं खातं त्याच दिवशी बंद करा.