लाकडी ठशातील बारकावे : सुरी, कुंचला की कागद?



बँकेत माझा रोजचा संबंध रबरी शिक्क्याशी. शिक्क्यावर अक्षरे उलटी, कागदावर सुलटी. उंच राहिलेला भाग उमटतो, खोल गेलेला कोरा राहतो. जपानी लाकडी ठशाचे तत्त्वही हेच. छापील तारीख असलेले सर्वांत जुने उपलब्ध पुस्तक, इ.स. ८६८ मधील चीनमधले वज्रच्छेदिका सूत्र, लाकडी ठशांवरूनच छापलेले आहे.

मीही एकदा प्रयत्न केला. नायगावातील एका सुतारमामांकडून सागाचा तुकडा आणला व तथागतांचा चेहरा कोरायला घेतला. अर्धोन्मीलित पापणी छान साधली. मग गालावरची सावली दाखविण्यासाठी बारीक रेघा कोरू लागलो. सागाचे तंतू भरड. पटाशी घसरली आणि पापणीच उडाली! लाकडाला खोडरबर नाही. पुढे वाचन केल्यावर समजले, की सावलीसाठी मी मुळात साधनच चुकीचे निवडले होते.

१) रेषेसाठी सुरी : केस, पापणी, पावसाच्या सरी कोराव्याच लागतात. जपानी कारागीर त्यासाठी चेरीचे घट्ट लाकूड घेत. पातळ कागदावरील चित्र फळीवर पालथे चिकटवून रेषेच्या दोन्ही बाजूंनी सुरी तिरकी चालवीत. शेताच्या बांधाप्रमाणे रेषेचा पाया रुंद व माथा अरुंद राहतो, म्हणून ती दाबाखाली तुटत नाही. हिरोशिगे यांच्या १८५७ च्या पुलावरील पावसाच्या चित्रातील सरी अशाच कोरलेल्या आहेत.

२) छटेसाठी कुंचला : गडद निळ्यातून फिके होत जाणारे आकाश कोरलेले नसते. सपाट फळी ओलसर करून कुंचल्याच्या एकाच कडेला रंग घेतात व फिरवतात. रंग पाण्यात कालवलेला, सोबत तांदळाची खळ. या पद्धतीला ‘बोकाशी’ म्हणतात. माझ्या ठशातील गालाची सावली हिचेच काम होते.

३) उठावासाठी कागद : पांढऱ्या वस्त्राची नक्षी किंवा बर्फ दाखविताना फळीला रंगच लावत नाहीत, ओलसर कागद तिच्यावर जोराने दाबतात. ही ‘काराझुरी’. तुतीच्या कुळातील झाडाच्या सालीपासून केलेला लांब तंतूंचा कागद हा दाब सोसतो.

बहुरंगी चित्राला साधारणपणे रंगागणिक वेगळी फळी लागते. आपल्याकडे मुंबईत १८९४ साली सुरू झालेल्या राजा रविवर्मा यांच्या शिळाछापखान्यात रंगागणिक वेगळा दगड असे, तसेच हे. रंग सरकू नयेत म्हणून जपानी फळीवर दोन खुणा कोरतात व प्रत्येक वेळी कागद त्यांनाच टेकवतात.

तेव्हा मित्रहो, हत्यार उचलण्यापूर्वी प्रत्येक बारकाव्याला विचारा : तू रेषा, छटा की उठाव? सुरुवात लिनोवर करा. त्यात तंतू नसल्याने सुरी कुठल्याही दिशेने चालते. मात्र अतिबारीक रेघ तेथे भुगा होऊन निघते. प्रथम रेघ जाडच ठेवा, एक प्रत छापून पाहा, मग कोरा. जाड रेघ बारीक करता येते. बारीक झालेली पुन्हा जाड होत नाही.