पाणी चढायच्या आत

अगं, आधी डोळे पूस. काल रात्री फोनवर तू रडत होतीस तेव्हा मी फार बोलले नाही. तेव्हा सांगितलेलं तुझ्या कानात शिरलंच नसतं. आता पाऊस उघडलाय, रस्त्यावरचं पाणीही ओसरलंय. चहा घेऊन बस आणि ऐक.

तीन दिवसांच्या ऑर्डरी गेल्या तुझ्या. कुणाच्या साडीला फॉल, कुणाला नुसता पिको, कुणाच्या ब्लाउजचं अस्तर आणायचंय, कुणी किती आगाऊ दिले, सगळं त्या जुन्या लॅपटॉपवर लिहीत होतीस. खाली पाणी चढायला लागलं, खबरदारी म्हणून वीज बंद झाली आणि पडदा काळा. पुन्हा चालू केलास तर पहिल्या दिवसासारखा कोरा. तुला वाटलं लॅपटॉप बिघडला. तो बिघडलेला नाही. त्यावरची पपी लिनक्स ही यंत्रणा अशीच चालते, आणि तिचा पेन ड्राइव्ह हातात देतानाच मी हे तुला सांगायला हवं होतं. घाईत राहून गेलं.

आधी कडू ते सांगते. ते तीन दिवस परत येणार नाहीत. जे लिहिलंस ते फक्त रॅममध्ये होतं, आणि वीज गेली की रॅम रिकामी होते. डिस्कवर ते कधी उतरलंच नव्हतं, त्यामुळे तिथून काढण्यासारखं काही नाही. गल्लीतला कुणी 'डेटा काढून देतो, दोन हजार द्या' म्हणाला तर एक रुपया देऊ नकोस. त्यापेक्षा साड्यांना टाचलेल्या चिठ्ठ्या बघ, बायकांचे व्हॉट्सॲपवरचे निरोप वर सरकवून वाच. निम्म्याहून जास्त हिशेब तिथेच सापडेल. उरलेल्या दोघीतिघींना सरळ फोन कर. 'वीज गेली आणि लिहिलेलं पुसलं गेलं' असं हिंदमाताच्या बाईला सांगितलंस तर ती रागावणार नाही, तिच्याही घरात काल अंधारच होता.

आता हे असं का झालं ते. मला ते तुला नीट कळायला हवंय, कारण नुसतं 'हे बटण दाब' सांगून मी पुन्हा निघून गेले तर पुढच्या पावसात तू पुन्हा रडशील.

तुझा लॅपटॉप दोन जीबी रॅमचा. विंडोज 10 चा आधार कंपनीने 14 ऑक्टोबर 2025 ला थांबवला, आणि नवीन विंडोज त्या लॅपटॉपला झेपणार नाही. म्हणून मी पपी दिली. ऑस्ट्रेलियातल्या बॅरी कॉलर नावाच्या माणसाने 2003 मध्ये ती सुरू केली, स्वतःच्या कुत्र्याच्या नावावरून. जवळपास अख्खी यंत्रणा काहीशे एमबीच्या एका दाबून बांधलेल्या फाइलीत असते. चालू करताना ती उचलून रॅममध्ये घेतली जाते, म्हणून जुन्या लॅपटॉपवरही ती चपळ वाटते.

ती मूळ फाइल मात्र फक्त वाचता येते, तिच्यावर काही लिहिता येत नाही. मग तू लिहितेस ते कुठे जातं? तू पेपर कटिंगवर बटर पेपर ठेवतेस ना, तसं समज. खाली मूळ कटिंग, वर पारदर्शक कागद. तुझ्या सगळ्या रेघा वरच्या कागदावर, पण डोळ्यांना दोन्ही मिळून एकच चित्र दिसतं. तू नवा फॉन्ट टाकलास, तो वरच्या कागदावर. वायफायचा पासवर्ड, तोही वरच. एखादा आयता आलेला प्रोग्राम तू काढून टाकलास तर तो खालच्या फाइलीतून जात नाही. वरच्या कागदावर त्या जागी पांढरी चिठ्ठी चिकटवली जाते, म्हणून तो दिसेनासा होतो. त्याने जागा मोकळी होत नाही, तेव्हा जागा करायची म्हणून आयते प्रोग्राम काढत बसू नकोस.

पहिल्यांदा पपी चालू होते तेव्हा हा वरचा कागद रॅममध्ये असतो. लॅपटॉप रीतसर बंद करायला गेलीस की पपी पहिल्यांदाच विचारते, हे सेशन साठवू का? तू तीन दिवस लॅपटॉप बंदच केला नाहीस, नुसतं झाकण लावून झोपवत होतीस. तो प्रश्न तुझ्यासमोर आलाच नाही. आणि बॅटरी तर कधीच मेलेली. भिंतीतली वीज गेली तसा कागद गेला.

आपल्या हिंदमाताचंच बघ ना. मुंबईतला हा भाग बशीसारखा खोलगट, चहूकडचं पाणी इथे येतं. भरती असली की समुद्र ते घेत नाही. रे रोडला ब्रिटानियाचं पंपिंग स्टेशन झालं तरी मोठ्या पावसात पुरेना, म्हणून 2021-22 च्या सुमारास पालिकेने परळच्या सेंट झेवियर्स मैदानाखाली आणि तिकडे प्रमोद महाजन कला उद्यानाखाली मोठ्या टाक्या बांधल्या. पाणी नळांतून तिथे न्यायचं, धरून ठेवायचं, भरती ओसरली की सोडायचं. तुझी रॅम ही तशी टाकी आहे. काही काळ धरून ठेवण्यापुरती. तिच्यातून पुढे सोडायची वाट आपण बांधली नव्हती.

ती वाट म्हणजे सेव्ह फोल्डर. आज काय करायचं ते सांगते. लॅपटॉप चालू कर, वायफाय जोड, मी दिलेला लोहित देवनागरी फॉन्ट घाल. (बायकांची नावं चौकोन चौकोन दिसायची ती त्याच्याविना.  असं काही पुन्हा दिसलं की मला विचारत जा, बाळा.) मग दुसरं काही न करता लॅपटॉप बंद करायला सांग. पपी विचारेल, साठवू का. हो म्हण. कुठे, ते विचारेल. मग फाइल की फोल्डर, ते विचारेल. तिथे फोल्डर निवड.

पण थांब. तुझ्या पेन ड्राइव्हवर बहुधा फोल्डर हा पर्यायच दिसणार नाही. दुकानातून आणलेला पेन ड्राइव्ह सहसा फॅट 32 पद्धतीने बांधलेला असतो. लिनक्समध्ये प्रत्येक फाइलीबरोबर तिचा मालक कोण, ती कोण चालवू शकतं, हेही नोंदलेलं असतं, आणि त्या नोंदी फॅट 32 ला ठेवता येत नाहीत. म्हणून अशा जागी पपी एक मोठी बंद फाइल बनवते आणि तिच्या पोटात लिनक्सची जागा उभी करते. त्याने काम चालतं, बऱ्याच जणी तेच वापरतात. पण तिचं माप आधी ठरवावं लागतं, फॅट 32 वर एक फाइल चार जीबीच्या वर जात नाही, आणि सगळं एकाच पोटात असल्यामुळे लिहिता लिहिता वीज गेली तर त्या अख्ख्या फाइलीलाच धक्का बसू शकतो. फोल्डरला असं माप लागत नाही. त्या भागात जागा असेल तोवर ते वाढतं. आणि फाइल मॅनेजरमध्ये उघडून आत काय आहे ते बघता येतं. फक्त बघायचं हं. पपी चालू असताना त्या फोल्डरमध्ये हात घालून काही हलवायचं नाही.

तेव्हा रविवारी पेन ड्राइव्ह घेऊन माझ्याकडे ये. पपीतच जीपार्टेड नावाचा प्रोग्राम आहे, त्याने पेन ड्राइव्हचे दोन भाग करू. छोटा भाग फॅट 32, चालू होण्यासाठी. उरलेला सगळा ईएक्सटी 4, तुझ्या फोल्डरसाठी. भाग पाडताना असलेलं पुसलं जातं, म्हणून त्यावरचे बाबांचे फोटो आधी माझ्या हार्ड डिस्कवर उतरवू. हे एकटीने घाईघाईत करू नकोस. भलतीच डिस्क निवडली गेली तर लॅपटॉपमधलं सगळं जाईल. रविवारपर्यंत बंद फाइलीवर भागव.

फोल्डर झालं म्हणजे काळजी संपली असं धरून मात्र चालू नकोस. पेन ड्राइव्हवरून चालताना पपी प्रत्येक गोष्ट लगेच फोल्डरमध्ये लिहीत नाही, कारण सारखं लिहून पेन ड्राइव्ह झिजतो. ती वरचा कागद रॅममध्येच ठेवते आणि ठरलेल्या वेळाने, बहुधा दर अर्ध्या तासाने, फोल्डरमध्ये उतरवते. बंद करतानाही उतरवते. मधल्या वेळासाठी पडद्यावर 'सेव्ह' असं चिन्ह आहे. नवं काही बसवलंस की ते दाबायचं. ढग दाटून आले की दाबायचं. खालच्या दुकानांच्या पायऱ्यांशी पाणी लागलं असं कुणी ओरडलं तर ऐकल्या क्षणी दाबायचं. तुला पुढे कधी हार्ड डिस्कवर ईएक्सटी 4 चा भाग करून दिला तर तिथे पपी थेट लिहिते, हे चिन्ह लागत नाही.

आता माझं खरं मत ऐक, आणि एवढं एक माझं ऐकच. ऑर्डरींची वही त्या सेव्ह फोल्डरच्या आत ठेवूच नकोस. सेव्ह फोल्डर यंत्रणेसाठी: फॉन्ट, पासवर्ड, बसवलेले प्रोग्राम, पडद्याचा रंग. ते उद्या बिघडलं तर टाकून देऊन तासाभरात नवं करता येतं. तुझ्या ऑर्डरी तशा पुन्हा करता येत नाहीत, हे तू काल बघितलंस. सेव्ह फोल्डर तयार झालं की पपीमध्ये 'एमएनटी' नावाच्या फोल्डरच्या आत 'होम' दिसेल. तो म्हणजे पेन ड्राइव्हचा तोच भाग ज्यावर तुझं फोल्डर आहे, पण त्या फोल्डरच्या बाहेरचा. तिथे 'ऑर्डरी' नावाचं साधं फोल्डर कर. तिथल्या फाइलीत लिहून कंट्रोल एस दाबलंस की ते रॅमच्या कागदावर न थांबता सरळ पेन ड्राइव्हवर उतरतं, अर्ध्या तासाची वाट बघत नाही. काल हे असतं तर तुझी फार तर शेवटची एक ओळ गेली असती.

अगं, काही यंत्रणांमध्ये हा प्रश्नच नसतो. 2007 मध्ये रायगड जिल्ह्यात खैरातच्या शाळेत मुलांना ते हिरवे-पांढरे छोटे लॅपटॉप दिले होते, त्यांच्यातही लिनक्सच होती. तिथे पोरांनी जे केलं ते आपोआप रोजनिशीत जमा व्हायचं, साठवायला सांगावं लागायचं नाही. मला ती कल्पना फार आवडते. स्लॅक्स म्हणून पपीसारखीच आणखी एक यंत्रणा आहे, ती पेन ड्राइव्हवर असली की स्वतःच्या फोल्डरमध्ये बदल आपोआप ठेवत जाते. पोर्टियस नावाच्या तशाच आणखी एका यंत्रणेत चालू होतानाच्या एका ओळीत फोल्डरचा पत्ता लिहिलेला असावा लागतो. पण तुझ्या हाताला पपी बसलीय, आता बदलू नकोस.

गणपतीच्या आधी दुकानांतून कामाचा लोंढा येतो, तेव्हा हे बिघडलं तर तुला सावरायला वेळ मिळणार नाही. म्हणून त्याच्या आत एकदा सेव्ह फोल्डरची नक्कल करून ठेवू. चालू होताना यादीत सेव्ह न वापरता नुसत्या रॅमवर चालायचा पर्याय असतो, तो निवडायचा. मग ते फोल्डर वापरात नसतं आणि निवांत उचलता येतं. नक्कल ठेवायचा पेन ड्राइव्ह फॅट 32 असेल तर आधी सगळं टारच्या एका फाइलीत बांधायचं, नाहीतर मालकीच्या नोंदी गळून जातात. ऑर्डरींचं फोल्डर मात्र कसंही, कुठेही नक्कल कर. रोज रात्री कर. एक नक्कल फोनवर, एक माझ्याकडे पाठव. मला त्रास होत नाही.

आणखी दोन बारीक गोष्टी. ब्राउझर इंटरनेटवरचं काहीबाही साठवत राहतो आणि ते तुझ्या दोन जीबीत आणि फोल्डरमध्ये साचतं. आठवड्यातून एकदा ते साफ कर. आणि पेन ड्राइव्हचा दिवा लुकलुकतोय तोवर तो ओढू नकोस, कुणी कितीही घाई केली तरी.

तू शिवणात जेवढी नेटकी आहेस तेवढीच यातही होशील. पावसाळ्यात कागदाची वहीही चालू ठेव, तिची मला लाज वाटत नाही आणि तूही वाटून घेऊ नकोस. वेधशाळेने पुन्हा जोराचा पाऊस सांगितलाय. आत्ता फोन ठेवल्यावर लॅपटॉप चालू कर, फॉन्ट घाल, रीतसर बंद कर, आणि विचारलं की 'हो' म्हण. झालं की मला कळव, मी जागी आहे.