दार केव्हा बंद, केव्हा उघडे?



आमच्या मुलींच्या वसतिगृहात दोन महत्त्वाची दारे आहेत. जिन्यापाशी आपोआप मिटणारे अग्निरोधक दार आहे. बादल्या घेऊन जाणाऱ्या मुलींची अडचण होऊ नये म्हणून मीच त्याला वीट लावून ठेवत असे. मागच्या दाराला रात्री कुलूप असे आणि किल्ली माझ्या उशाखाली. दोन्ही गोष्टी काळजीपोटीच केल्या होत्या, पण दोन्ही उलट्या होत्या.

१ डिसेंबर १९५८ रोजी शिकागोतील ‘अवर लेडी ऑफ द एंजल्स’ या कॅथोलिक शाळेत जिन्याच्या पायथ्याशी आग लागली. खालच्या मजल्यावर जिन्याचे जड दार बंद होते, म्हणून आग तेथेच अडली. वरच्या मजल्यावर तसे दारच नव्हते. जिन्याचे धुराडे झाले आणि वरच्या वर्गांतील मुलांची वाट धुराने अडवली. ९२ मुले व ३ धर्मभगिनी दगावल्या. जुन्या इमारतींना नवे नियम लागू नसल्यामुळे ही शाळा त्याआधी तपासणीत उत्तीर्ण झाली होती. आपल्या देशात १६ जुलै २००४ रोजी कुंभकोणमच्या शाळेत ९४ मुले गेली.

यातून शिकायचे ते एवढेच. जिन्याचे अग्निरोधक दार धूर अडवण्यासाठी असते. चौकट, बिजागऱ्या व आपोआप मिटण्याची सोय मिळून ते काम करते. वीट लावली की ते नसल्यासारखेच. बाहेर पडण्याचे दार मात्र आतून किल्लीशिवाय आणि बाहेरच्या दिशेने उघडले पाहिजे. घाबरलेली मुले दारावर रेटा देतात. आत उघडणारे दार त्या गर्दीत उघडत नाही.

“मग रात्री मुलींच्या सुरक्षिततेचे काय?” असे पालकांनी विचारले. प्रश्न रास्त होता. आम्ही मागच्या दाराला आतून कडी बसवली, बाहेरची मूठ काढली आणि दार उघडताच वाजणारी घंटा लावली. पहिल्याच सरावात धाकट्या मुलींचा हात कडीपर्यंत पोहोचेना. ती खाली घेतली. सराव केला नसता तर हे कधी कळले असते?

विचारासाठी प्रश्न

१. आपल्या शाळेत कोणते दार विटेने किंवा बाकाने अडवलेले आहे?
२. बाहेरच्या दाराची किल्ली रात्री कोणाकडे असते? ती व्यक्ती गावी गेली तर?
३. सर्वांत लहान मूल ते दार अंधारात एकटे उघडू शकेल का?