अलीला हरवणारा माणूस मोठा होता का?

प्रश्न : आमच्या घरात मुहम्मद अली म्हणजे देव. वडिलांनी तरुणपणी त्याची वर्तमानपत्रांतली कात्रणं वहीत चिकटवली, ती वही अजून कपाटात आहे. परवा मी त्यांना अली आणि लॅरी होम्सची 1980 सालची लढत लावून दिली, तर ते मध्येच उठून गेले. म्हणाले, "थकलेल्या माणसाला मारण्यात कसला आलाय मोठेपणा?" होम्स खरंच मोठा मुष्टियोद्धा होता का? असेल, तर अली, फोरमन, टायसन यांच्या जोडीनं त्याचं नाव का ऐकू येत नाही?
— एक वाचक, सांगली

उत्तर : तुमच्या वडिलांचं दुःख मला कळतं. ती लढत पाहवत नाही. पण त्या एका रात्रीवरून होम्सचं माप काढलं, तर मोठा अन्याय होईल. माझं मत आधी सांगतो, कारणं मागाहून. लॅरी होम्स फार मोठा होता. हेवीवेट गटाच्या इतिहासातल्या पहिल्या पाच-सहा जणांत मी त्याला बसवतो. त्याचं नाव ऐकू येत नाही, याचं कारण त्याच्या खेळात सापडत नाही. तो कोणाच्या मागून आला, यात ते सापडतं.

होम्सचा जन्म 1949 साली जॉर्जिया राज्यातल्या कथबर्ट गावचा. बारा भावंडांचं कुटुंब पुढे पेनसिल्व्हेनियातल्या ईस्टन या गावी आलं. लॅरीनं सातवीतच शाळा सोडली आणि तासाला एक डॉलर मजुरीवर गाड्या धुवायला लागला. 1972 च्या ऑलिंपिक निवड स्पर्धेत ड्युएन बॉबिककडून तो बाद ठरला. प्रतिस्पर्ध्याला सारख्या मिठ्या मारतो, म्हणून पंचांनी त्याला अपात्रच केलं. "पोरगं भित्रं आहे" असा शिक्का बसला, तो पुसायला त्याला सहा वर्षं लागली.

त्याच सुमारास अलीनं डिअर लेक इथे, म्हणजे पेनसिल्व्हेनियातच, आपलं सराव शिबिर उभारलं होतं. तिथे होम्स सरावातला जोडीदार म्हणून लागला. आपल्याकडच्या तालमीत मोठ्या पैलवानाला अंग गरम करायला जोड देतात ना, तसंच हे काम. सुरुवातीच्याच एका सरावात अलीच्या ठोशानं होम्सचा डोळा काळानिळा झाला. लोक बर्फ घेऊन धावले, तर हा बर्फ लावू देईना. हा डोळा गावी नेऊन दाखवायचाय, म्हणाला. अलीनं मारलेला ठोसा त्याला दागिन्यासारखा वाटत होता. ही गोष्ट वडिलांना जरूर सांगा. तुमच्या घरी जी भक्ती वहीत आहे, ती या माणसानं डोळ्यावर मिरवली होती.

आता त्याच्या खेळाकडे वळू. होम्सचं मुख्य हत्यार म्हणजे डाव्या हाताचा जॅब. बहुतेकांच्या लेखी जॅब म्हणजे चाचपणी : अंतर मोजायचं, समोरच्याला जरा अडवायचं, खरा मार उजव्या हातासाठी राखून ठेवायचा. होम्सनं जॅबलाच खरा मार केलं. सव्वासहा फूट उंची, हातांचा पल्ला 81 इंच. डावा हात छातीच्या उंचीवरून निघायचा, खांदा त्याच्या मागून यायचा, मूठ लागण्याच्या क्षणी पालथी व्हायची आणि गेला तितक्याच वेगानं हात परत यायचा. तो परत येणारा हात नीट पाहा. बाकीच्यांचा जॅब परतताना खाली लोंबतो आणि वरून उजवा ठोसा खातो. होम्सचा हात जाग्यावर येऊन लगेच दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा सुटायचा. समोरच्याला पाय रोवायला, श्वास घ्यायला फुरसतच मिळायची नाही. जॅबच्या बाबतीत जाणकार त्याच्या बरोबरीनं फार तर सॉनी लिस्टनचं नाव घेतात.

9 जून 1978 रोजी लास वेगासच्या सीझर्स पॅलेसमध्ये तो हेवीवेटच्या किताबासाठी केन नॉर्टनसमोर उभा राहिला. 1973 मध्ये अलीचा जबडा मोडला तो हाच नॉर्टन. लढतीच्या काही दिवस आधी सरावात होम्सच्या डाव्या दंडाचा स्नायू दुखावला होता. ज्या हातावर सगळी भिस्त, तोच जायबंदी. तरीही सुरुवातीच्या फेऱ्या त्यानं जॅबवरच काढल्या. मग नॉर्टननं अंगावर येऊन पोटावर, बरगड्यांवर मारा करत लढत परत खेचून आणली. 14 फेऱ्यांनंतर तिन्ही पंचांच्या कागदावर बरोबरी होती. पंधराव्या फेरीत दोघांनी बचाव सोडून दिला. कधी याचा ठोसा बसे, कधी त्याचा. होम्सचं तोंड रक्तानं भरलेलं होतं. शेवटच्या काही सेकंदांत त्याचे खालून येणारे ठोसे लागले, नॉर्टन लडखडला आणि घंटा झाली. दोन पंचांनी होम्सला एका गुणानं विजयी ठरवलं, तिसऱ्यानं नॉर्टनला एका गुणानं. भित्रेपणाचा शिक्का त्या तीन मिनिटांत पुसला गेला.

त्यानंतर सात वर्षांहून अधिक काळ तो विजेता राहिला आणि सलग 20 वेळा त्यानं किताब राखला. हेवीवेट गटात याहून लांब मालिका एकट्या जो लुईची, 25 लढतींची. 11 एप्रिल 1981 ला होम्स सीझर्स पॅलेसमध्ये ट्रेव्हर बर्बिकविरुद्ध खेळत होता, तेव्हा लुई प्रेक्षकांत होता. आजारानं खचलेला. दुसऱ्याच दिवशी तो गेला. 25 वाला माणूस आपल्या अखेरच्या रात्री 20 वर पोहोचणाऱ्या माणसाचा खेळ पाहत होता. हा योग आठवला की मला दर वेळी गलबलून येतं.

पण मोठेपणाची माझी खरी कसोटी आकड्यांत नाही. माणूस पडल्यावर काय करतो, ते मी पाहतो. सप्टेंबर 1979 मध्ये अर्नी शेव्हर्सविरुद्ध होम्स आरामात पुढे होता. शेव्हर्सइतका जबर ठोसा त्या काळात क्वचितच कोणाचा असेल. सातव्या फेरीत त्याचा उजवा हात वरून आला आणि होम्स अक्षरशः पाठीवर आदळला. असा ठोसा खाल्लेले सहसा उठत नाहीत. होम्स उठला. पाय डगमगत होते, डोळे स्थिर नव्हते, तरी ती फेरी त्यानं निभावली आणि अकराव्या फेरीत शेव्हर्सलाच थांबवलं. 75 लढतींच्या कारकिर्दीत लढत थांबून तो हरला, तो एकदाच. 1988 मध्ये, 38 व्या वर्षी, जवळपास दोन वर्षांच्या खंडानंतर, 21 वर्षांच्या माइक टायसनसमोर.

आता 2 ऑक्टोबर 1980. अली तेव्हा 38 वर्षांचा, दोन वर्षं रिंगबाहेर. वजन झपाट्यानं उतरवलेलं, त्यात थायरॉइडची औषधं चालू. अंगात ताकद नव्हती, घामही धड येत नव्हता. होम्सनं जवळजवळ प्रत्येक फेरी घेतली. पण तो मारता मारता पंचाकडे पाहत होता. थांबवा आता, असं ते पाहणं होतं. दहाव्या फेरीनंतर अलीचा प्रशिक्षक अँजेलो डंडी यानं लढत थांबवली. अलीची लढत अशी थांबण्याची वेळ आयुष्यात त्या एकदाच आली. त्या रात्री जिंकलेला होम्स रडला. तेव्हा "थकलेल्या माणसाला मारलं" या आरोपाला माझं उत्तर असं : ती लढत ठरवणाऱ्यांना, तिला परवानगी देणाऱ्यांना जाब विचारा. होम्स विजेता होता, आव्हान आलं, तो उभा राहिला. हात आखडता घेतला असता, तर तो अलीचा अपमान ठरला असता, आणि पूर्ण जोरानं मारलं असतं, तर क्रौर्य. या दोन्हींच्या मधली वाट त्याला चालावी लागली.

मग नाव का नाही? लोकांना अलीचा वारस हवा होता आणि वारसानं अलीसारखं बोलावं, हसवावं, जग गाजवावं, अशी अपेक्षा होती. होम्स कामावर जाणाऱ्या माणसासारखा रिंगमध्ये यायचा. शिवाय ज्यानं देवाला हरवलं, त्याच्यावर भक्त प्रेम करत नाहीत. 1982 मध्ये गेरी कूनीविरुद्धची लढत गोरा विरुद्ध काळा अशी रंगवून विकली गेली. विजेत्याचं नाव शेवटी पुकारायचं, हा रिवाज मोडून होम्सचं नाव आधी पुकारलं गेलं. त्यानं तेराव्या फेरीत कूनीला संपवलं आणि पुढे दोघं चांगले मित्र झाले.

त्याच्या उण्या बाजूही सांगायला हव्यात. 1983 मध्ये टिम विदरस्पूनवर तो जेमतेम, दोन विरुद्ध एक पंचमतानं जिंकला. पुन्हा त्याच्याशी खेळला नाही. नॉर्टनलाही दुसरी संधी दिली नाही. प्रतिस्पर्धी संघटनेचा विजेता गेरी कुत्झीबरोबर ठरत आलेली लढत झालीच नाही. अखेरच्या वर्षांतले काही प्रतिस्पर्धी त्या दर्जाचे नव्हते. म्हणून लुई आणि अलीच्या वर मी त्याला ठेवत नाही.

आणि एक चूक त्यानं स्वतःच्या तोंडानं केली. रॉकी मार्सियानो 49 लढतींत अजिंक्य राहून निवृत्त झाला होता. होम्स 48 वर होता. मार्सियानोच्या शेवटच्या लढतीला बरोबर 30 वर्षं होत होती, त्याच दिवशी, 21 सप्टेंबर 1985 ला, होम्स गुणांवर मायकेल स्पिंक्सकडून हरला. हरल्यावर त्वेषानं मार्सियानोबद्दल एक गलिच्छ वाक्य बोलून गेला. मार्सियानोचे कुटुंबीय तिथे हजर होते. त्यानं नंतर माफी मागितली, पण सात वर्षांच्या कामगिरीपेक्षा ते एक वाक्यच लोकांच्या लक्षात राहिलं. हा हिशेब मला पटत नाही. माणसाची जीभ एकदा घसरली, त्याचा डावा हात सात वर्षं घसरला नव्हता.

पुढची गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. 1992 मध्ये, 42 व्या वर्षी, त्यानं ऑलिंपिक सुवर्णपदक विजेत्या आणि तोवर अजिंक्य असलेल्या रे मर्सरला हरवलं. दोरांना पाठ टेकून तोच जॅब, तीच नजर. 1995 मध्ये, वयाच्या 45 व्या वर्षी, किताब पुन्हा मिळवायला थोडकाच कमी पडला. लुईची अखेरची वर्षं कराच्या थकबाकीखाली आणि सीझर्स पॅलेसमध्ये पाहुण्यांचं स्वागत करण्यात गेली. होम्सनं पैसा राखला, ईस्टनमध्ये इमारती आणि धंदे उभे केले. नदीकाठच्या रस्त्याला तिथे त्याचं नाव आहे आणि 2015 मध्ये त्याचा पुतळाही उभा राहिला. तासाला एक डॉलरवर जिथे गाड्या धुतल्या, त्या गावात हे घडलं. हाही त्याच्या वारशाचाच भाग मी मानतो.

वडिलांना पुन्हा बसवा, पण क्रम बदला. आधी नॉर्टनविरुद्धची पंधरावी फेरी, मग शेव्हर्सविरुद्धची सातवी, मग मर्सर. डिअर लेकच्या काळ्यानिळ्या डोळ्याची गोष्ट सांगा आणि अलीची लढत सर्वांत शेवटी लावा. या वेळी अलीकडे नका पाहू, पंचाकडे वळणारी होम्सची मान पाहा. मला वाटतं, या खेपेला ते मध्येच उठणार नाहीत.