दर पाठवण्याआधी एकक तपासा

मी पुण्यात एका मध्यम आकाराच्या बांधकाम कंपनीत एस्टिमेशनचं काम पाहतो. पूर्वी एखाद्या शेडचं किंवा शाळेच्या इमारतीचं कोटेशन करायचं म्हणजे एक्सेलसमोर रात्र जायची. मग आम्ही प्रस्ताव तयार करणारं सॉफ्टवेअर घेतलं आणि एपीआयमार्फत, म्हणजे दोन प्रणालींना जोडणाऱ्या दुव्यामार्फत, आमचं दरपत्रक त्याला जोडलं. आमच्याकडून मोजमापाची यादी गेली, की लेटरहेडवर, अटी-शर्तींसह, सहीला तयार अशी पीडीएफ परत येऊ लागली. काम खरंच हलकं झालं. पण त्याच वाटेने एक चांगलं काम हातचं गेलं. ते का गेलं, हे या वाटेने जाणाऱ्या प्रत्येकाला माहीत असायला हवं.

चाकण भागातल्या एका कारखान्याच्या शेडचं ते काम होतं. प्रस्ताव वेळेत गेला आणि आठवडाभरात नकार आला. काँक्रीटचा दर बाजाराच्या कितीतरी वर आहे, असं त्यांच्या सल्लागाराने सांगितलं. आम्ही रेट अ‍ॅनालिसिस, म्हणजे प्रत्येक बाबीच्या दराची फोड, उघडून बसलो. १:१.५:३ प्रमाणाच्या एक घनमीटर काँक्रीटला साधारण ८ गोणी सिमेंट, ०.४२ घनमीटर वाळू आणि ०.८४ घनमीटर खडी लागते. प्रमाणं बरोबर होती. घोळ वाळूच्या दरात होता. क्रश सँडचा पुरवठादार दर देतो ब्रासमध्ये. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, म्हणजेच २.८३ घनमीटर. सॉफ्टवेअरने तोच आकडा घनमीटरचा दर म्हणून धरला. समजा, ब्रासचा दर ६,००० रुपये आहे. मग एका घनमीटर काँक्रीटमधली वाळू सुमारे ८९० रुपयांची होते. प्रस्तावात मात्र ती २,५२० रुपयांची होते. खडीचंही तेच झालं होतं. आमच्याकडून दर गेला, पण एकक गेलंच नाही, कारण एपीआयमध्ये एककाचा रकाना ऐच्छिक होता.

या प्रकारात सॉफ्टवेअरने एकदाही चूक दाखवली नाही. विनंतीला २०० हा कोड आला, म्हणजे सगळं ठीक. पण तो कोड फक्त एवढंच सांगतो, की विनंती पोहोचली आणि तिच्यावर प्रक्रिया झाली. आतला दर ब्रासचा की घनमीटरचा, हे त्याला कळत नाही. म्हणून पहिला नियम: प्रत्येक बाबीसोबत एकक गेलंच पाहिजे, आणि एकक नसलेली ओळ आपल्याच बाजूला अडली पाहिजे. स्टीलमध्ये किलो आणि टन, फरशीत चौरस फूट आणि चौरस मीटर, मुरुमात ब्रास आणि घनमीटर, या जोड्यांवर विशेष लक्ष ठेवा.

चूक होण्याची दुसरी जागा रिकाम्या रकान्याची. दर मिळाला नाही म्हणून रकाना रिकामा राहतो आणि पलीकडे त्याचा शून्य होतो. एकूण रकमेकडे बघून हे लक्षात येत नाही. ज्या बाबीला दर भरलेला नाही, तिचा खर्च इतर बाबींच्या दरात धरला आहे असं मानलं जाईल, अशी अट अनेक करारांत असते. मग पाणी उपसण्याचं किंवा वॉटरप्रूफिंगचं काम पदरमोड करून करावं लागतं. रिकामा आणि शून्य हे दोन्ही वेगळे ठेवा. रिकामा दिसला की प्रस्ताव थांबवा.

तिसरी जागा जीएसटीची. पुरवठादाराच्या दरात कर धरलेला असतो, आणि प्रस्तावाच्या शेवटी एकूण रकमेवर पुन्हा १८ टक्के लागतात. कंत्राटदाराला मालावरच्या कराचं इनपुट क्रेडिट मिळत असेल, तर रेट अ‍ॅनालिसिसमध्ये मूळ दरच घ्यायला हवा. त्यात कराचे दरही बदलतात. २२ सप्टेंबर २०२५ पासून सिमेंटवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. त्याआधी साठवलेलं दरपत्रक आजही वापरात असेल, तर गोणीचा भाव कुठल्या तारखेचा आहे हे कोणालाच सांगता येत नाही. म्हणून प्रत्येक दरासोबत तारीख आणि 'करासह' की 'करावेगळा' ही नोंद ठेवा.

चौथी जागा पुन्हा गेलेल्या विनंतीची. नेट मध्येच तुटलं, की प्रोग्रॅम तीच विनंती पुन्हा पाठवतो. पहिली विनंती पलीकडे पोहोचलेली असेल, तर ग्राहकाच्या हाती दोन प्रस्ताव पडतात. मधल्या काळात दर बदलला असेल, तर दोन वेगळ्या रकमांचे. प्रत्येक प्रस्तावाला आपला स्वतंत्र क्रमांक द्या आणि त्या क्रमांकाचा दुसरा प्रस्ताव तयारच होणार नाही, अशी व्यवस्था करून घ्या. शिवाय एपीआयची की, म्हणजे तिथे प्रवेश देणारा गुप्त संकेत, कोडमध्ये किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर ठेवू नका. ती ज्याच्या हाती लागेल, त्याला तुमचं दरपत्रक उघडता येतं.

सरकारी निविदांना हा मार्ग लावू नका. राज्याच्या महाटेंडर्स या ई-निविदा पोर्टलवर बीओक्यूची (बाबी आणि परिमाणांच्या यादीची) जी एक्सेल फाइल मिळते, तीच भरून, तिचं नाव न बदलता, डिजिटल स्वाक्षरीने चढवावी लागते. तिथे हे साधन पाठीमागच्या हिशोबापुरतंच वापरा.

एवढी काळजी का घ्यायची? भारतीय करार कायदा, १८७२ नुसार प्रस्ताव समोरच्याने स्वीकारला, की तो वचन होतो. आमचा दर वर गेला म्हणून काम तेवढं गेलं. तीच चूक उलट दिशेने झाली असती, तर तोट्याच्या दरात पूर्ण शेड बांधून द्यावी लागली असती, आणि त्याचा भार अखेर मजुरांच्या पगारावर आणि कामाच्या दर्जावर पडला असता.

म्हणून सही करणाऱ्याने सर्वांत मोठ्या रकमेच्या चार-पाच बाबी स्वतः हाताने सोडवाव्यात. बहुतेक इमारतींत काँक्रीट, स्टील, वीटकाम आणि खोदाई यांतच निम्म्याहून जास्त रक्कम असते. १२ मिलिमीटरची सळई मीटरला ०.८९ किलो भरते. ड्रॉइंगमधली लांबी घेऊन वजन काढा आणि पीडीएफमधल्या टनांशी ताडून पाहा. जुळलं नाही, तर ग्राहकाला फोन करून एक दिवस मागून घ्या. तो दिवस बहुधा मिळतो.